तापत्या हवेचा भुर्दंड कोणी भरावयाचा?

हवामानबदल म्हटला की ध्रुवप्रदेशातील वितळणारे हिम, बुडू पाहणारी बेटे आणि परदेशी राजधान्यांत भरणाऱ्या परिषदा यांचीच चित्रे डोळ्यांसमोर येतात. पहाटेची लोकल गाठून मुंबईला जाणारा बदलापूरचा कारकून, अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतील कंत्राटी कामगार किंवा उल्हासनगरच्या कॅम्पात जीन्स शिवणारा कारागीर यांना हा विषय परका वाटला तर दोष त्यांचा नाही. तो त्यांच्यापुढे मांडला गेला तो नेहमी अंशांच्या आणि टनांच्या भाषेत. वस्तुत: हवामानबदल त्यांच्या घरी केव्हाच येऊन पोहोचला आहे, मात्र तो आला आहे तापाच्या, बुडालेल्या रोजाच्या आणि औषधाच्या दुकानातील बिलाच्या रूपाने. या भुर्दंडाची बेरीज कोणत्याही सरकारी दप्तरात एकत्र मांडली जात नाही. म्हणूनच तो कमी करण्याची जबाबदारीही कोणा एकावर येत नाही. प्रश्नाचे खरे मर्म येथे आहे.

जागतिक हवामान संघटनेच्या नोंदींनुसार २०२४ हे वर्ष उपलब्ध नोंदींतील सर्वांत उष्ण ठरले; औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या सरासरीपेक्षा त्या वर्षीचे तापमान सुमारे १.५५ अंशांनी अधिक होते. २०३० ते २०५० या काळात कुपोषण, हिवताप, अतिसार आणि उष्णता या चार कारणांनीच जगात दरवर्षी सुमारे अडीच लाख अधिक माणसे हवामानबदलामुळे दगावतील, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. हे आकडे सरासरीचे आहेत, आणि सरासरी ही नेहमीच गरिबाची दु:खे झाकते. हवा सर्वांची सारखीच तापते. परंतु वातानुकूलित कचेरीत बसणाऱ्याच्या आणि पत्र्याच्या छपराखाली शिलाई मारणाऱ्याच्या वाट्याला येणारा उन्हाळा एकच नसतो.

तीन शहरे, एक खोरे

राजमाची-खंडाळ्याच्या डोंगरांत उगम पावणारी उल्हास नदी कर्जत, नेरळ, बदलापूर असा प्रवास करीत उल्हासनगर-कल्याणच्या कडेने वसईच्या खाडीकडे जाते. अंबरनाथजवळच्या टेकड्यांत उगवणारी वालधुनी इसवी सन १०६० च्या शिलाहारकालीन शिवमंदिराच्या पायथ्याने वाहत अंबरनाथ आणि उल्हासनगर ओलांडून कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते. दुसऱ्या महायुद्धात लष्करी छावणी म्हणून वसविलेल्या आणि फाळणीनंतर निर्वासित सिंधी बांधवांच्या हाती आलेल्या वस्तीला १९४९ साली जे नाव मिळाले, तेही या नदीचेच.

२०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या पाच लाखांहून अधिक होती आणि ती अवघ्या तेरा चौरस किलोमीटरांच्या आसपास दाटलेली होती. अंबरनाथ अडीच लाखांच्या व बदलापूर पावणेदोन लाखांच्या घरात होते. त्यानंतर २०२१ ची जनगणना झालीच नाही. त्यामुळे बदलापूर किती वाढले ते डोंगराच्या दिशेने सरकत गेलेल्या इमारतींवरूनच ओळखावे लागते. स्वत:ची माणसे किती हेच जेथे निश्चित ठाऊक नाही, तेथे त्यांतील आजारी किती हे कोठून ठाऊक असणार?

कारभाराच्या दृष्टीने ही तीन शहरे वेगळी आहेत: एक महानगरपालिका आणि दोन नगरपरिषदा. नदी मात्र एक आहे, डास एक आहेत, आणि गंभीर आजारी पडल्यावर गरिबांनी ज्याच्या पायऱ्या चढावयाच्या ते उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालयही एकच आहे. तेथे अंबरनाथ-बदलापूरचेच नव्हेत, तर मुरबाड, शहापूर, कर्जतकडचेही रुग्ण येतात. रोगाने खोऱ्याची हद्द मानली आहे. कारभाराने मात्र नगरपालिकांची.

उष्णता ही मजुरीतील कपातच

प्रथम उन्हाळ्याचा विचार करावा. मुंबईचे म्हणून जे तापमान वृत्तपत्रांत छापले जाते ते प्रामुख्याने कुलाबा आणि सांताक्रूझ येथील वेधशाळांचे असते. तेथे दुपारी खारे वारे सुटतात आणि पारा खाली येतो. कल्याणच्या पुढे आत गेल्यावर हे वारे उशिरा पोहोचतात व क्षीण होतात. मार्च-एप्रिलमध्ये मुंबईत चौतीस-पस्तीस अंश असता बदलापूर-कर्जतच्या पट्ट्यात पारा चाळिशी ओलांडतो, हा येथल्या रहिवाशांचा नित्याचा अनुभव आहे. त्यातच हवा देशावरच्यासारखी कोरडी नाही. शरीर थंड राहते ते घाम सुकण्याने, आणि दमट हवेत घाम सुकत नाही. म्हणून नुसत्या पाऱ्यावरून धोका ओळखू पाहणे फसवे ठरते. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे भर उन्हात झालेल्या पुरस्कार-सोहळ्यानंतर उष्माघाताने चौदा माणसे मृत्युमुखी पडली, त्या दिवशी जवळच्या केंद्रावर नोंदलेले तापमान ३८ अंशांच्या आसपास होते. विदर्भातील माणूस ज्या आकड्याला हसला असता, त्या आकड्याने कोकणात चौदा बळी घेतले.

मृत्यूची बातमी होते. घटलेल्या कामाची होत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९ च्या अहवालात असा अंदाज वर्तविला होता की, वाढत्या उष्णतेपायी २०३० साली भारतातील एकूण कामाच्या तासांपैकी ५.८ टक्के तास वाया जातील, म्हणजेच सुमारे ३ कोटी ४० लाख पूर्णवेळ नोकऱ्यांइतके श्रम नष्ट होतील. याचा अर्थ स्थानिक भाषेत लावून पाहावा. जीन्सच्या कारखान्यातील कारागिराला मजुरी मिळते ती नगावर. दुपारच्या उकाड्यात त्याचे हात मंदावले, तर नग कमी होतात आणि मजुरी आपोआप कापली जाते. मालकाने दर कमी केला असता तर निदान तक्रार करता आली असती. उन्हाने केलेल्या कपातीविरुद्ध दाद मागण्याची सोय कोणत्याच कचेरीत नाही. कामाच्या जागी हवा खेळती असावी आणि तापमान सुसह्य राखावे, हे बंधन १९४८ च्या कारखाने कायद्यातही होते. परंतु दहा-पंधरा शिलाईयंत्रांच्या, पोटमाळ्यावरच्या खोलीपर्यंत कायद्याचा निरीक्षक कधी पोहोचला नाही आणि आजही पोहोचत नाही.

पिंपातले पाणी आणि डास

उन्हाळ्याच्या शेपटाला पाणीटंचाई येते. अंबरनाथ-बदलापूरला महाराष्ट्र जीवन प्राधिकरण पाणी देते. उल्हासनगर ते औद्योगिक विकास महामंडळाकडून विकत घेते आणि त्यासाठी प्रामुख्याने बारवी धरणावर विसंबून राहते. पाऊस लांबला की कपात येते, आणि कपात आली की घराघरांत पिंपे, ड्रम, हंडे भरून ठेवले जातात. यात गृहिणीचा दोष काय? नळ उद्या येईल की परवा, याची खात्री नसता पाणी साठविणे हेच शहाणपणाचे असते. मात्र एका घराचे हे शहाणपण साऱ्या चाळीच्या जिवावर बेतते. डेंगीचा प्रसार करणारा एडिस डास गटाराच्या घाणीत नव्हे, तर अशाच साठविलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास होण्यास त्याला आठवडा-दहा दिवस पुरतात. आणि त्याची अंडी पाण्यावाचून कित्येक महिने तग धरतात.

उष्णतेचा संबंध येथे पुन्हा येतो. डासाने रुग्णाचे रक्त शोषल्यावर विषाणू त्याच्या शरीरात वाढून तो दुसऱ्यास चावून रोग देण्यास समर्थ होईपर्यंत काही काळ जावा लागतो. पंचवीस ते अठ्ठावीस अंशांत हा काळ साधारण आठ ते बारा दिवसांचा असतो. हवा काहीशी अधिक उबदार झाली की तो आखडतो. डासाचे आयुष्य मोजक्या आठवड्यांचे. त्यातील दोन-तीन दिवस वाचले तरी रोग पसरविण्यास त्याला अधिक अवसर मिळतो.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०२५ च्या आरंभी प्रसिद्ध केलेला पुण्यातील डेंगीचा अभ्यास या संदर्भात मोलाचा आहे. सत्तावीस अंशांवरील तापमान, दमट हवा आणि आठवड्यांवर सारखा पसरलेला मध्यम पाऊस यांचा मेळ बसला की डेंगीचे मृत्यू वाढतात. उलट आठवड्यात दीडशे मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला तर डासांची अंडी-अळ्या वाहून जातात, असे त्यांना आढळले. तापमानवाढीमुळे नजीकच्या दशकांत पुण्यातील डेंगीचे मृत्यू सुमारे १३ टक्क्यांनी वाढू शकतात, असाही त्यांचा निष्कर्ष आहे. पुण्याचा पाऊस आणि उल्हास खोऱ्याचा पाऊस सारखा नाही, तेव्हा हे आकडे जसेच्या तसे येथे लावता येणार नाहीत. परंतु असा अभ्यास पुण्यात होऊ शकला तो तापमान, पाऊस आणि मृत्यू यांच्या नोंदी एकमेकींशेजारी ठेवता आल्या म्हणून. बोध घ्यावयाचा तो हा.

पूर ओसरतो, रोग राहतो

पाऊस कमी पडला तर डास. अधिक पडला तर पूर. मध्य भारताच्या विस्तृत पट्ट्यात अतिवृष्टीच्या व्यापक घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले आहे. एकूण पाऊस तितकाच राहून त्याचे दिवस घटतात, आणि महिन्याचा पाऊस दोन-चार दिवसांत कोसळतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा उल्हास नदीने बदलापूर आणि कल्याणच्या वस्त्या बुडविल्या. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकून पडली आणि एक हजाराहून अधिक प्रवाशांना होड्यांनी बाहेर काढावे लागले. शतकात एकदा येणारे संकट म्हणून २००५ ची बोळवण करणाऱ्यांना चौदा वर्षांतच उत्तर मिळाले.

होड्यांची छायाचित्रे सर्वत्र छापून येतात. पुढच्या तीन आठवड्यांची येत नाहीत. गाळ उपसताना, भिजलेले धान्य फेकताना, अनवाणी पायांनी चिखल तुडवताना उंदीर-गुरांच्या मूत्रातील जंतू त्वचेच्या ओरखड्यांतून शरीरात शिरतात. लेप्टोस्पायरोसिसची लक्षणे बहुधा पाच ते चौदा दिवसांनी दिसतात. २००५ च्या पुरानंतर मुंबई परिसराने या रोगाची साथ पाहिली आहे. उल्हास खोऱ्यात तर पुराचे पाणी केवळ पावसाचे नसते. वालधुनीत वर्षानुवर्षे सोडलेले कारखान्यांचे सांडपाणी आणि शहरांचा मैलाही त्यात मिसळून घरांत शिरतो. अतिसार, कावीळ, त्वचारोग यांना आमंत्रण देण्यास आणखी काय हवे?

बेरजेत लपलेली वजाबाकी

अर्थशास्त्राच्या हिशेबातील एक विसंगती येथे लक्षात घ्यावयास हवी. डेंगी झाला, रक्ताच्या तपासण्या झाल्या, खाजगी रुग्णालयाचे बिल झाले, की तेवढ्या रकमेने राष्ट्रीय उत्पन्न वाढते. पुराने भिजलेले घर पुन्हा रंगविले, नवा पंखा घेतला, तरीही ते वाढते. आजारी पडून शहर श्रीमंत होते, असा या हिशेबाचा अर्थ! घराचा जमाखर्च मात्र वेगळेच सांगतो. दिवसाला सहाशे रुपये रोज मिळविणारा माणूस दहा दिवस अंथरुणाला खिळला असे गृहीत धरल्यास सहा हजार रुपये गेले; त्याच्या उशाशी बसण्यासाठी पत्नीने धुण्याभांड्यांची कामे सोडली ती वेगळी. औषधोपचाराचा खर्च त्याच्याही वर. तो भागतो उसनवारीने, मंगळसूत्र गहाण टाकून किंवा मुलाच्या शिकवणीची फी थांबवून. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के रक्कम लोकांनी थेट स्वत:च्या खिशातून भरली. २०१३-१४ मध्ये हे प्रमाण ६४.२ टक्के होते, हे मान्य करूनही हा भार थोडा नव्हे. सार्वजनिक खर्चात जी काटकसर दिसते ती पुष्कळदा खर्चाची बचत नसते; तो खर्च नगरपालिकेच्या अंदाजपत्रकातून उचलून कुटुंबाच्या माथी टाकलेला असतो.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो गैरवाजवी नाही. तुंबलेली गटारे, नदीपात्रातील भराव, अपुरा पाणीपुरवठा ही माणसांच्या गलथानपणाची फळे आहेत. त्यांचे खापर हवामानावर फोडणे म्हणजे जबाबदार मंडळींना पळवाट काढून देणे होय, असा तो आक्षेप. उलट बाजूने असेही म्हटले जाते की, एका अमेरिकन माणसामागे होणारे कार्बन-उत्सर्जन भारतीयाच्या सुमारे सातपट आहे. मग जगाच्या पापाचे प्रायश्चित्त अंबरनाथने का घ्यावे?

दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, परंतु दोन्ही अपुरी आहेत. हवामान आणि गलथानपणा यांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. गटार पूर्वीही तुंबत असे. आता त्यावर पूर्वीपेक्षा जोराचा पाऊस पडतो. पिंपे पूर्वीही भरली जात. आता त्यांतला डास अधिक लवकर घातक होतो. गुणाकाराचा एक विशेष असा की, दोहोंपैकी एक संख्या लहान केली की गुणाकार लहान होतो. पृथ्वीचे तापमान उल्हासनगरच्या महापालिकेच्या हाती नाही. घराला रोज पाणी देणे, नाल्याचे पात्र मोकळे राखणे हे शासनाच्या आणि स्थानिक संस्थांच्या हाती आहे. हवामान बिघडत असताना गलथानपणाची किंमत वाढते, म्हणून हवामानबदल ही स्थानिक कारभाराला मिळालेली सबब नव्हे. तो त्याच्यावरचा अधिक कठोर आरोप आहे.

काय करता येईल?

पहिले काम मोजण्याचे आहे. तिन्ही शहरांतील सरकारी आणि खाजगी दवाखान्यांत येणाऱ्या तापाच्या, अतिसाराच्या व उष्माघाताच्या रुग्णांची प्रभागवार साप्ताहिक नोंद एकत्र व्हावी, आणि ती त्या आठवड्याच्या पाऊस-तापमानाशेजारी मांडून जाहीर व्हावी. केंद्र सरकारने २०१९ मध्ये हवामानबदल व मानवी आरोग्य यांविषयीचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. त्याचे सार्थक दिल्लीच्या परिपत्रकांत नव्हे, अशा नोंदवहीत आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये अंबरनाथच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्‌घाटन झाले. तेथील सामाजिक वैद्यकाच्या विभागाकडे हे काम सोपविल्यास विद्यार्थ्यांना शिक्षण मिळेल आणि शहरांना डोळे.

दुसरे काम पाण्याचे. दररोज, ठरल्या वेळी, थोडे का होईना पण खात्रीचे पाणी मिळाले तर पिंपे आपोआप रिकामी होतील. फवारणी नगरपालिकेने करावयाची आणि नळाचे वेळापत्रक दुसऱ्याच यंत्रणेने ठरवावयाचे, या व्यवस्थेत डासाचे तेवढे फावते. पाणीपुरवठ्यावरील खर्च हा आरोग्यखर्च मानला गेला पाहिजे. तोवर आठवड्यातून एकदा सर्व भांडी रिकामी करून घासण्याचा कोरडा दिवस साऱ्या चाळीने एकत्र पाळणे, एवढे तरी व्हावे.

तिसरे, उन्हाळ्याचा आराखडा. २०१० च्या मे महिन्यात अहमदाबादेत नेहमीपेक्षा १,३४४ अधिक मृत्यू झाले, तेव्हा त्या शहराने धडा घेऊन २०१३ मध्ये उष्णताविषयक कृतियोजना आखली. आगाऊ इशारे, पाणपोया, दवाखान्यांतील तयारी आणि पुढे छपरांना पांढरा रंग असे तिचे साधे स्वरूप आहे. पत्र्याला चुन्याचा हात देण्यास परदेशी कर्ज लागत नाही. मात्र इशारा द्यावयाचा तो बदलापूरच्या पाऱ्यावरून व दमटपणावरून, कुलाब्याच्या नव्हे.

चौथे, नदीची जागा नदीला. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. या रेषा मागल्या पावसावरून आखलेल्या असतात, पुढच्या नव्हे. अशा वेळी त्या नदीकडे सरकविण्याचा आग्रह धरणे म्हणजे घरे विकणाऱ्याचा नफा आज पदरात घालून घर घेणाऱ्याच्या माथी उद्याचा पूर मारणे होय.

पैसा कोठून आणावयाचा, हा प्रश्न रास्त आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी स्थानिक संस्थांमार्फत खर्च करावयाच्या आरोग्य अनुदानाची ७०,०५१ कोटी रुपयांची शिफारस केली होती; म्हणजे स्थानिक आरोग्यावर केंद्राने खर्च करावा हे तत्त्व मान्य झालेलेच आहे. सार्वजनिक आरोग्य हा विषय चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नागरी संस्थांच्या कार्यसूचीत घातला आहे. उणीव आहे ती तीन अंदाजपत्रकांना एका खोऱ्याचा विचार करावयास लावणाऱ्या व्यवस्थेची. तिन्ही संस्थांनी आपापल्या अंदाजपत्रकातील ठराविक हिस्सा एका संयुक्त आरोग्यनिधीत टाकावा, त्यात राज्य शासनाने भर घालावी, आणि पाणीपुरवठा करणाऱ्या यंत्रणांना त्या समितीत उत्तरदायी करावे. कायद्याने हे अशक्य नाही. सवयीने अवघड आहे.

भुर्दंड कोणी भरावयाचा हा प्रश्न आज अनुत्तरित आहे असे मुळीच नाही. त्याचे उत्तर ठरून गेलेले आहे: ज्याची ऐपत सर्वांत कमी, तोच तो भरीत आहे, आणि पावतीवाचून भरीत आहे. येत्या पावसाळ्यापूर्वी या पावत्या मोजण्यास जरी सुरुवात झाली, तरी त्या कोणाच्या नावावर लिहावयाच्या याचा वाद उघडपणे करता येईल. लोकशाहीत न्यायाची सुरुवात पुष्कळदा अशा साध्या हिशेबापासूनच होत असते.